धडा माझा, जगले दामूदादा

मित्रांनो, आज सकाळी कात्रपच्या बाजारात माझा जुना विद्यार्थी भेटला. माझ्या शेजारी चामटोली गावचे शेतकरी दामूदादा उभे होते. पठ्ठ्या आधी त्यांच्या पाया पडला, मग मला नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, मी जळलो.

नव्वदच्या दशकात मी शाळेत इतिहास शिकवायचो. प्राचीन रोम संकटात असताना लोकांनी एका शेतकऱ्याच्या हाती सगळी सत्ता दिली. युद्ध जिंकल्यावर ती परत करून तो आपल्या नांगराकडे गेला, हे मी रंगवून सांगायचो.

तेव्हाच चामटोलीत पाणीटंचाई झाली. गावाने सगळा कारभार दामूदादांवर सोपवला. त्यांनी खोदून घेतलेल्या नव्या विहिरीला पाणी लागलं तसे लोक म्हणाले, "दादा, आता तुम्हीच राहा."

"काम झालं ना? आता दुसरा बघा. माझी लावणी रायलीय," म्हणत दादा शेतावर गेले.

मी मात्र आमच्या सोसायटीची निवडणूक टाळत नऊ वर्षं अध्यक्ष राहिलो.

आज विद्यार्थी म्हणाला, "सर, तुमचा तो रोमन शेतकरी म्हटलं की मला दादाच आठवतात."

दादा लाजून हसले. मला हसता आलं नाही.

लोकशाहीत खुर्ची मिळवणारे पुष्कळ दिसतात. वेळेवर उठून गेलेला कोणी तुम्ही पाहिलाय का?