नळाचं पहिलं पाणी

लातुरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि कधी येईल ते सांगून येत नाही. अंबिकाच्या गल्लीत ते बहुतेक दुपारी यायचं. गल्लीतल्या बायका त्या दिवसाला वैतागायच्या. अंबिका त्या दिवसाची वाट बघायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पाणी आलं की कुणीतरी मोटारीपाशी बसावं लागतं. नळाचा जोर कमी होऊन हौद रिकामा झाला तर मोटार हवा ओढते आणि जळते. गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर शेजारी भांडायला येतात. रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यापासून या गावाला वाया जाणारं पाणी बघवत नाही. म्हणून पाण्यापाशी बसलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. सासू मारत नाही, मुलं मारत नाहीत. दार वाजलं तर दुसरं कुणी उघडतं. जिन्याखाली, हौदाच्या काठाला, पालथी घातलेली एक बादली, एवढीच जागा त्या घरात अंबिकाची स्वतःची होती. तिथं बसून ती लिहायची.

ती मूळची देवणीची. उदगीरला कॉलेजात असताना कॉलेजच्या अंकात तिची एक गोष्ट छापून आली होती. पुढं लग्न होऊन ती लातूरला आली. श्रीशैलचं औषधांचं दुकान, त्याचा दुपारचा डबा, अमरनाथचे नीटचे क्लास, सुकन्याची शाळा आणि शिकवणी, सासूबाई लक्ष्मम्मांच्या गोळ्या आणि पथ्य. दिवस असा भरलेला असायचा की त्यात बोट घालायला जागा नव्हती. कधी भांडी आवरून ती कागद घेऊन बसायची, तर शब्दाच्या आधी झोप यायची.

कागद अमरनाथच्या क्लासच्या जुन्या टेस्ट पेपरचे. एका बाजूला बेडकाचं हृदय, मागच्या कोऱ्या बाजूला तिची गोष्ट. गोष्टीतली बाई पिशवी घेऊन घरातून निघाली होती आणि जळकोटच्या स्टँडावर येऊन उभी राहिली होती. ती दिवाळीच्या आधी तिथं पोचली. आता उन्हाळा लागला, तरी तिची गाडी आली नव्हती. गाडी आणायला अंबिकाला सलग वेळच मिळाला नव्हता. भाकरी थापताना तिला एकदम आठवायचं, की ती बाई अजून उभीच आहे. पाय भरून आले असतील. मग तव्यावरची भाकरी करपायची.

लग्नाच्या वाढदिवसाला श्रीशैल फिटरला सोबत घेऊनच घरी आला. हातात एक खोकं होतं.

"काय आणलंय?" अंबिकानं विचारलं.

"तुझी सुटका. पाणी आलं की मोटार आपोआप चालू, टाकी भरली की आपोआप बंद. किती वर्षं तिथं मच्छर मारत बसून राहिलीस तू."

"उगी खर्च कशाला केलात."

"उगी कसा? तुझ्या पाठीचं काय?"

तो मनापासून बोलत होता. तिला राग येईना, हेच अवघड होतं.

"बरं केलास बाबा," लक्ष्मम्मा पलंगावरून म्हणाल्या. "आता दुपारचं मोकळीच हाय की ही. माझ्या गुडघ्याला शेक देत जाईल. हाव का न्हाई गं?"

"मम्मी, मग मला शिकवणीला तूच सोड," सुकन्या म्हणाली. "रिक्षात लई कोंबतेत."

फिटरनं पेटी उघडली नव्हती, तोवर अंबिकाचा तास वाटून झाला होता.

फिटर हौदापाशी उकिडवा बसला. तारा जोडता जोडता त्यानं विचारलं, "ताई, नळी हौदातच पक्की करून टाकू ना? मधी काही काढायची, घालायची भानगड?"

होती. नळाचं पहिलं पाणी गंजाचं, गढूळ यायचं. ते निवळेपर्यंत ती नळी गटारीत सोडायची आणि मग हौदात टाकायची. पण पाण्यापाशी नेहमी तीच बसायची, त्यामुळं घरात दुसऱ्या कुणाला हे माहीतच नव्हतं.

"काही न्हाई," अंबिका म्हणाली. "करा पक्की."

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा ती लक्ष्मम्मांच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. खाली मोटार आपोआप चालू झाली. तिनं आवाज ऐकला आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

सकाळी लक्ष्मम्मा पूजेला बसल्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन त्यांनी तांब्यातलं पाणी घातलं आणि ओरडल्या, "अय्यय्यो! देवाला चहा पाजायलीस का गं?"

तोवर श्रीशैलचा पांढरा शर्टही धुण्याच्या यंत्रातून पिवळा होऊन निघाला होता. "पाण्याला झालं काय?" तो शर्ट धरून उभा राहिला.

"पहिलं पाणी असंच येतंय. मी गटारीला सोडून द्यायची."

"मग त्या फिटरला सांगायचं ना!"

"ध्यानात राहिलं न्हाई."

लक्ष्मम्मांनी तिच्याकडं बघितलं. "घरातल्या एकेकाची गोळी न् गोळी ध्यानात ठिवतीस तू," त्या म्हणाल्या. त्यांनी तांब्या पुढं केला, चांगल्या पाण्यासाठी.

टाकी धुवायला रविवार गेला. टाकीच्या तोंडातून आत मावणारी अंबिकाच, म्हणून तीच उतरली. आत काळोख, भट्टीसारखी ऊब, आणि तळाला बसलेला मऊ गाळ. तो घासताना तिच्या ध्यानात आलं, की इथंही कुणी हाक मारत नाही. पण हात ओले होते. टाकी झाल्यावर हौदही घासून काढला. संध्याकाळी तिला खांद्याच्या वर हात नेता येईना.

श्रीशैलनं खोक्याच्या तारा सोडवल्या. "यंत्राला डोळे न्हाईत," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तुलाच बसावं लागतंय बघ परत."

"बसते की," ती म्हणाली.

पाणी आलं. अंबिकानं नळी गटारीत धरली, पाणी निवळल्यावर हौदात सोडली, मोटार लावली आणि बादलीवर बसली. मांडीवर टेस्ट पेपर पालथा ठेवला. आज गाडी आणायचीच, असं ती आठवडाभर घोकत होती. गाडीचा रंग, कंडक्टरचा आवाज, सगळं मनात तयार होतं. पण पेन धरलं तर खांदा दुखू लागला आणि डोळे मिटायला लागले. वर सुकन्या काहीतरी शोधत होती. तिनं हाक मारली नाही.

बऱ्याच वेळानं अंबिकानं लिहिलं: ती कठड्यावर टेकली. पिशवी खाली ठेवली.

तिनं ते वाचलं. खोडलं नाही. निदान आता ती उभी नव्हती. वर टाकीत पाणी पडत होतं, आणि भरायला अजून थोडा वेळ होता.