घाट ओलांडला की नाही

सुप्याच्या वरच्या माळावर आमचं बिनतारी ठाणं होतं. ते सुपं आता धरणाखाली गेलंय, माळावर रान माजलंय, ठाण्याचा चौथराही कुणाला सापडायचा नाही. बरंच झालं. रामनगरपर्यंत जाऊन मी दोनदा माघारी आलो, पुढं जायची छातीच झाली नाही.

काम सांगायला सोपं. इंग्रजांचं राज्य होतं, विमान म्हणजे नवलाई होती. टपालाचं विमान बेळगावकडून यायचं, आमच्या डोक्यावरून घाट ओलांडायचं आणि समुद्रावर पोचल्यावर खाली यायचं. आभाळ निवळ असलं तर आम्हाला कोण विचारतो? पण ढगात शिरला की वैमानिक आंधळा. समोरच्या तबकड्या बघायच्या आणि आम्ही कळवू तसं जायचं. तो आपली कळ दाबून धरायचा, माझ्या कानात एक लांब सूर यायचा. मी यंत्राचं आकडे कोरलेलं चक्र फिरवत जायचो आणि सूर जिथं मरेल तिथं थांबायचो. त्या रेघेवर विमान. पण रेघ असते आरपार. विमान उगवतीला असो की मावळतीला, चक्रावर आकडा एकच. कुठल्या टोकाला आहे ते सांगायला खांबावर एक वेगळी तार होती.

आणि सगळं त्या टोकावरच होतं. ठाणं ओलांडून पंधरा मिनिटं सरळ मावळतीला गेलं की खाली समुद्र, मग खुशाल ढगातून उतरावं. त्याआधी उतरलं तर डोंगर. म्हणून नियम कडक. मी कळवलेलं त्यानं शब्दाला शब्द परत कळवायचं, तोवर ते कळवलं असं धरायचं नाही. आणि मला तिळभर जरी शंका असली तर पुढं संशयाची खूण लावायची. ती खूण मिळाली की तो मुकाट्यानं माघारी फिरणार आणि बेळगावच्या माळावर उतरणार. टपाल एक दिवस उशिरा, एवढंच काय ते.

ठाण्यावर मी, आणि राखणीला बाजारकुणंगकडचे एक शेतकरी. वयानं मोठे, मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला मास्तर. सगळा जन्म भाताची राखण करण्यात गेलेला. गवा कुठं आहे, डुक्कर कुठून येतंय, सगळं कानानं. आमच्या माळाच्या उगवतीला एक उंच कडा होता, खालचा सगळा आवाज त्यावर आपटून परत यायचा. एकदा वाडीतली म्हैस हरवली. तिची घंटा मला उगवतीकडून अगदी स्पष्ट ऐकू येत होती, आणि मामा निघाले मावळतीच्या ओढ्याकडं.

"अहो मामा, इकडं!" मी ओरडलो.

"त्यो कडा बोलतोय, मास्तर. म्हस तिकडं न्हाई."

तासाभरात म्हैस घेऊन हजर! मी चाटच पडलो. मामा आयुष्यभर ऐकत आले एकीकडं आणि जात राहिले दुसरीकडं, आणि कधी चुकले नाहीत. त्या दिवसापासून माझा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला आणि त्यांच्यावर बसला.

मग तो दिवस. आदल्या संध्याकाळी वळवानं झोडपलं आणि बाजू सांगणारी तार तुटली. नवी यायला चार दिवस लागणार होते. तोवर प्रत्येक आकड्याला संशयाची खूण लावणं हे माझं काम. पण त्याआधीच्या आठवड्यात मी दोनदा ती खूण लावली होती, दोनदा विमान माघारी गेलं होतं आणि वरून खरमरीत विचारणा आली होती, की तुम्हाला संशय फार येतो का? ते मला फार झोंबलं होतं. तरुण होतो, नाकावर राग.

दुपारी तीनच्या सुमाराला वैमानिकानं हाक दिली. तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण हात ओळखत होतो. त्याची कळ फार नेटकी चालायची, घाई म्हणून नाही. ढग पार झाडांना टेकले होते, मधूनच वीज चमकत होती. मी रेघ काढली. ती आमच्यावरून आरपार. ओलांडलंय की यायचंय? बाहेर इंजिनाची बारीक घरघर ऐकू यायला लागली.

"मामा, कुठं वाजतंय?"

मामा अंगणात मान वाकडी करून उभे होते. "मावळतीला हाय. गेलं पल्याड."

"नक्की?"

"व्हय तर!"

माझा कान उगवती सांगत होता. मी त्याला गप्प बसवलं. संशयाची खूण लावली नाही. कळवलं, ठाणं ओलांडलं, पंधरा मिनिटं सरळ, मग खाली. त्यानं शब्दाला शब्द परत कळवलं आणि जोडलं की विजा आहेत, तार गुंडाळतो. त्याची ऐकायची तार विमानाखाली लांब लोंबत असे. ती एकदा आत ओढून घेतली की तो बहिरा.

घरघर वाढत गेली. वाढतच गेली. पत्रे थरथरले, विमान आमच्या डोक्यावरून गेलं आणि मग मावळतीला लहान होत गेलं.

मामा आत धावले. "मास्तर, आत्ता गेलं! कड्याच्या वरनं आलं त्ये, कडा बोलतच न्हवता. मी उलटं सांगितलं. सांगा त्येला, लवकर सांगा!"

मी कळ बडवत होतो. थांब, उतरू नकोस, थांब. घड्याळ समोर होतं. मी कळवल्यावर चार मिनिटांनी विमान डोक्यावरून गेलं होतं, म्हणजे ते समुद्राच्या चार मिनिटं आधीच, डोंगरांवर, खाली येणार. पंधरा मिनिटं होऊन गेली तरी मी बडवत होतो. मामा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. देवा, ती पंधरा मिनिटं!

तिसऱ्या दिवशी लाकूडतोड्यांना विमान सापडलं. चौकशीला साहेब आला, नोंदवही पाहिली. बाजूची तार तुटलेली असताना संशय नव्हता का, म्हणाला. नव्हता, इंजिन मावळतीला स्पष्ट ऐकलं, म्हणालो. मामांना कुणी काही विचारलंच नाही आणि मीही त्यांचं नाव काढलं नाही. निकाल असा, की वैमानिकानं घाई केली, वेळेआधी खाली आला.

पावसाळा संपल्यावर वैमानिकाचे वडील ठाण्यावर आले. म्हातारे, काठी टेकत टेकत चढ चढून आलेले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "मला एवढंच विचारायचंय. तो लहानपणापासून कधी घाईचा नव्हता हो. खरंच घाई केली का त्यानं?"

नोंदवही हाताशी होती. पंधरा मिनिटं, त्याच्याकडून परत आलेली, माझ्याच अक्षरात. उघडून दाखवायची आणि विमान त्यानंतर चार मिनिटांनी डोक्यावरून गेलं ते सांगायचं, एवढंच होतं. मी वही कोपरानं मागं सारली.

दारातून मामा बोलले, "न्हाई, बाबा. तुमचा ल्योक बरोबर हुता. माझ्या कानानं घात केला."

त्या म्हाताऱ्यानं मामांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हे खरं का, असं तो माझ्या तोंडाकडं बघून विचारत होता. आणि मी, लाज वाटते सांगायला, हसून म्हणालो, "त्यांचं मनावर घेऊ नका. वय झालंय त्यांचं, जरा भ्रम झालाय."

म्हातारा मान हलवून उठला. मामांच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवावा तसा, आणि काठी टेकत उतार उतरून गेला, मुलानं घाई केली असं मनात घेऊन. मामा माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. वाडीत त्यांना सगळे भ्रमिष्ट म्हणायला लागले. ते मीच पसरवलं होतं, आणि कुणाला शंका आली नाही.