मिठाचा नमुना

पोस्टमार्टेमच्या खोलीतल्या गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही, त्या आपोआप साचतात. चार डॉक्टर बसले की एकेक बाहेर येते. माझ्या मात्र सगळ्या माझ्याच फजितीच्या!

पुसदकडच्या एका दवाखान्यात मी नवा डॉक्टर. विषशास्त्र मी पुस्तकातून पाठ केलेलं, शिकवलं मात्र दयारामनं. तो तिथला प्रेतं फाडणारा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. पोट उघडलं की मला वाकायला लावायचा, लसणासारखा, म्हणजे सोमलाच्या विषाचा, वास येतो का विचारायचा. मी नाकाला रुमाल लावला, तर म्हणाला, "रुमालाले काय समजते, सायेब?"

*

एकदा दारूनं मेल्याचा संशय असलेल्या माणसाचं जठर मी चक्क स्पिरिटमध्ये बुडवून नागपूरच्या प्रयोगशाळेला धाडलं. उत्तर आलं : 'मद्य विपुल आढळले. पैकी मयताचे किती व आपले किती, कळवावे.' दवाखाना आठवडाभर हसला. मीही हसलो.

*

मग ते मीठ. जठर, यकृत मिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि तेच मीठ थोडं वेगळ्या बाटलीत तपासणीला पाठवायचं, असा नियम. गावातल्या यमुनाबाईचा नवरा उलट्या-जुलाबांनी गेला आणि सासरच्यांनी तिच्यावर संशय घेतला. नेमकं दवाखान्यातलं मीठ संपलेलं. मी दयारामला म्हटलं, कातड्याच्या गोदामातून आण, तिथं पोत्यानं असतं.

"तिथं नाई जात मी आता," तो म्हणाला. "अन् कातड्याले किडे लागू नाई म्हून त्या मिठात दवा टाकतेत."

धम्मदीक्षेनंतरचं ते पहिलंच वर्ष. कातड्यांचं काम त्यानं सोडलं होतं. मला वाटलं, न जाण्याचं निमित्त काढतोय. मी शिपायाकडून मीठ आणवलं. नमुना पाठवलाच नाही. मिठात काय तपासायचं!

अहवाल आला : सोमल. यमुनाबाईला अंगावरच्या पोरीसकट पोलिसांनी नेलं. सात महिने ती कोठडीत होती. कोर्टात तिच्या वकिलानं मला एवढंच विचारलं, मिठाचा नमुना पाठवला होता का? मी 'नाही' म्हटलं. मग गोदामातलं मीठ तपासलं, त्यात सोमल निघाला आणि ती सुटली. माझी साधी बदलीही झाली नाही, व्हायला हवी होती. दयाराम 'सांगतलं होतं, सायेब' म्हणाला असता तर बरं झालं असतं.

*

पुढच्या हिवाळ्यात यमुनाबाई दवाखान्यात आली. पोरीला खोकला होता आणि जवळपास दुसरा डॉक्टर नव्हता. मी स्वतः औषध कालवलं, चमचा पोरीच्या तोंडाजवळ नेला. यमुनाबाईनं माझा हात धरला.

"डाक्टरसायेब, पयले तुमी प्या."

मी प्यालो. बराच वेळ ती माझ्या तोंडाकडे पाहत बसली.