पन्ह्याचा पेला

आमच्या शाळेच्या निधीचं कौतुक सुरू झालं की मी उठून अंगणात जातो. घरच्यांना आता याची सवय झाली आहे. परवा नातू वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचत होता, की परदेशी स्थायिक झालेले माजी विद्यार्थी अजूनही गरीब मुलांना हात देतात, निधीला इतकी वर्षं झाली, सत्कार झाला. मी चहा तसाच ठेवला आणि बाहेर आलो. आता माझं वय राग धरण्याचं राहिलेलं नाही, असं सून म्हणते. नसेल. पण हा राग मी धरलेला नाही, तोच मला धरून बसला आहे.

आधी निधीच्या बाजूचं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. आमचा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. शाळेचे तीन जुने विद्यार्थी परदेशी गेले होते. एक आफ्रिकेत रेल्वेवर इंजिनिअर, दुसरा विलायतेत डॉक्टर, तिसरा कुठे होता ते मला आठवत नाही. तिघे मिळून दरवर्षी पैसे पाठवायचे आणि त्यातून आम्हा काही मुलांची फी आणि वसतिगृहाचं जेवण व्हायचं. तीन वर्षं मी त्या अन्नावर वाढलो. वरण पातळ असायचं, पण भात पोटभर मिळायचा. हे मी कधी नाकारलं नाही आणि नाकारणारही नाही.

माझं गाव आत जंगलात, वाटेत दोन मुक्काम करावे लागायचे इतकं दूर. आम्ही माडिया. गावात सरकारी शाळा होती, पण मास्तर टिकत नव्हता. मास्तर यायचा, आमची भाषा त्याला कळायची नाही, त्याची आम्हाला कळायची नाही, आणि पावसाळ्याआधी तो बदली करून घ्यायचा. म्हणून बाबांनी ठरवलं होतं, आपल्याच पोराला मॅट्रिक करायचं आणि गावातच मास्तर करून आणायचं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. मी सुटीत गेलो की म्हातारी माणसं विचारायची, आता किती राहिलं? त्या वर्षी मी सांगितलं होतं, एकच वर्ष राहिलं.

त्याच वर्षी, उन्हाळा लागता लागता, आफ्रिकेतले इंजिनिअर साहेब रजेवर आले. वडशाला गाडीतून उतरले, तिथून शाळासमितीचे चिटणीस त्यांना आपल्या मोटारीने घेऊन आले. चिटणीसांची धानाची गिरणी होती, शाळा त्यांच्याच शब्दावर चालायची. शाळेला तोरणं बांधली. आम्हा निधीवाल्या मुलांना वेगळी पंगत मांडली आणि आम्हाला सांगितलं, अंघोळ करून, केसाला तेल लावून या, आणि साहेब काही बोलले तर मान खाली घालून बोला.

साहेबांना परदेशात कैरीची फार आठवण यायची म्हणे. म्हणून त्यांच्या हौसेखातर पानात कैरीची डाळ होती आणि पिंपभर पन्हं केलं होतं. साहेब स्वतः मात्र जेवणार नव्हते. त्या दिवशी शनिवार होता आणि त्यांचा उपवास होता. चिटणीसांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, की सातासमुद्रापलीकडे राहूनही साहेबांनी शनिवार मोडला नाही, याला म्हणतात संस्कार. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. साहेबांसाठी चिटणीसांच्या घरून भगर आणि शेंगदाण्याची आमटी वेगळ्या डब्यात आली होती. त्या डब्याला कुणाचा हात लागू नये म्हणून एक माणूस शेजारी उभा होता.

मग साहेब स्वतःच्या हाताने आम्हाला पन्हं द्यायला निघाले. माझ्यापाशी आले, पेला पुढे केला आणि म्हणाले, "घे बाळ."

मी पानातलं सगळं खाल्लं होतं, फक्त डाळ बाजूला सारली होती. पन्हंही मला पिता येत नव्हतं. आमच्याकडे नवा आंबा आधी गावाच्या देवाला चढतो. पेरमा, म्हणजे आमचा पुजारी, पूजा करतो, घरोघरचा आंबा तिथे येतो, आणि मग सगळं गाव एकदम खातं. याला आम्ही पंडुम म्हणतो. त्याआधी झाडाखाली पडलेली कैरीसुद्धा कुणी तोंडाला लावत नाही. लावली तर त्याचं भोगणं एकट्याला नसतं, सगळ्या गावाला असतं. आजार येतो, जनावर मरतं. मी गावापासून लांब होतो म्हणून गावाचा नव्हतो असं थोडंच होतं?

मी मान खाली घालूनच म्हणालो, "नाई पीत जी. आमच्या गावचा पंडुम नाई झाला."

पंगतीत हशा पिकला. चिटणीस मागून पुढे आले.

"काऊन रे? साहेब सोताच्या हातानं देऊन राह्यले, अन् तू नाई म्हनतं? माजला काय?"

"माजलो नाई जी. पंडुम झाला की पिईन."

"म्हंजे साहेबांनी तुह्या पंडुमपर्यंत पेला धरून उभं राहाचं?"

पुन्हा हशा. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पेला माझ्या पानाशेजारी ठेवला, हसल्यासारखं केलं आणि पुढच्या मुलाकडे गेले. तो पेला शेवटपर्यंत तिथेच होता आणि त्याच्यावर माशा बसत होत्या.

आता माझा खरा राग कुणावर आहे ते सांगतो. चिटणीसांवर आहेच. पण त्याहून जास्त आमच्या हेडमास्तरांवर आहे. हे गृहस्थ आमच्या भागातल्या शाळांवर कितीतरी वर्षं काढून आले होते. पंडुमला बसून आमच्याबरोबर जेवलेले होते. पंडुम म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एक वाक्य बोलले असते, साहेब, याचाही उपवासच आहे समजा, तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि पुन्हा आत ठेवलं.

संध्याकाळच्या भाषणात साहेब म्हणाले, की मदत ज्याला हवी त्यालाच द्यावी, आणि घेणाऱ्याच्या अंगी नम्रता हवी. माझं नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. साहेब परत जाण्याआधीच समितीची बैठक झाली आणि पुढच्या वर्षापासून माझी जागा गिरणीच्या मुकादमाच्या मुलाला मिळाली. तोही गरीबच होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण माझं मॅट्रिकचं वर्ष गेलं. फी कोण भरणार आणि जेवणार कुठे?

हे गावात कळलं तेव्हा बाबा चिडले नाहीत. त्यांना वाटलं, साधी वेळेची चूक झाली आहे. आंबा लवकर दिला, पोराने थांबायला सांगितलं, बाहेरच्या माणसाला ते समजलं नाही. पंडुम झाला की सगळं नीट होईल. रागावण्यासारखं यात काही असू शकतं, हे त्यांच्या मनातच आलं नाही. म्हणून पंडुम झाल्यावर त्यांनी आमच्या झाडाच्या कैऱ्यांनी टोपली भरली आणि मला घेऊन चालत निघाले.

चिटणीस ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. बाबांनी टोपली खाली ठेवली. बाजारात शिकलेली मराठी जमवून ते म्हणाले, "पंडुम झाला जी. आता हा खाते. पायजे तं तुमच्या समोर खाऊन दाखवते."

आणि त्यांनी एक कैरी माझ्या हातात दिली. मी खाल्ली. चिटणीसांच्या ओसरीवर, सगळ्या नोकरमाणसांच्या देखत, मी आख्खी आंबट कैरी सालासकट खाल्ली. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. बाबा आशेने चिटणीसांकडे पाहत होते.

"बुढा," चिटणीस म्हणाले, "समितीचा निकाल झाला. आता काई होत नाई."

बाबांना कळलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, पंडुम झाला जी. चिटणीसांनी हात हलवला. आतून चिटणीसांच्या घरच्या बाई आल्या, टोपली उचलून आत घेऊन गेल्या आणि रिकामी टोपली नोकराच्या हाती बाहेर पाठवली. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा आतून विळीवर कैऱ्या चिरल्याचा आवाज येत होता. लोणचं घालायचं असणार. पोरगं चालत नव्हतं, कैऱ्या चालत होत्या.

पुढे मी वडशाला बांबूच्या डेपोत हमाली केली आणि बाहेरून मॅट्रिकला बसलो. पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास झालो आणि शेवटी गावात मास्तर झालो. बाबांनी ते पाहिलं नाही. मधल्या वर्षांत ते तापाने गेले.

त्या दिवशी परतताना आम्ही नाल्यावर थांबलो होतो. बाबा रिकामी टोपली शेजारी ठेवून बसले होते. त्यांनी मला आमच्या भाषेत विचारलं, त्या साहेबाने तुमच्याबरोबर जेवण का नाही केलं?

मी म्हणालो, त्यांचा उपवास होता. त्यांच्या देवाचा वार होता, त्या दिवशी ते आपलं नेहमीचं अन्न खात नाहीत.



"मग त्याला तर समजायला हवं होतं," बाबा म्हणाले.