सत्तरच्या पुढं काटा गेला की

आधी स्पष्ट सांगतो — या ग्रुपवर मी वाचायला नाही, टिंगल करायला आलो होतो. कुणाला चिंचेखाली बाई दिसली, कुणाच्या मागं पैंजण वाजले... मी खाली हसणारी तोंडं टाकून पुढं जायचो. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, आणि हे मी मिरवून सांगतो, कारण ते सोपं नव्हतं. घरातले उतारे, अंगारे, गाडीला लिंबू-मिरची — सगळं मी भांडून बंद केलंय. त्यामुळं पुढचं लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितो. कुणाला काही सुचलं तर सांगा.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, नगर-कल्याण रोडला, नगरहून येताना भाळवणीच्या पुढं. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. गेल्या वर्षी आम्ही गाडी घेतली. पांढरी, साधी, पेट्रोल. घरातली पहिली चारचाकी.

शोरूमचा माणूस म्हणाला, "सर, आजकालच्या इंजिनांना काही लागत नाही, बिनधास्त पळवा." पण मी मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं होतं. पहिले हजार किलोमीटर इंजिन रुळू द्यायचं. जोरात पळवायचं नाही, एकाच स्पीडला लांबवर धरायचं नाही, एकदम रेस करायचं नाही, ओझं भरायचं नाही. आतले पार्ट नवे असतात, ते एकमेकांवर नीट बसावे लागतात. मी स्वतःसाठी सत्तरची मर्यादा ठरवली. गावात सगळे हसले. माझी बाजू घेतली ती एकट्या आईनं.

आईचं माहेर पाथर्डीकडचं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावोगावची खोंडं रुळवायचे. ज्याच्या मानेवर अजून जू पडलेलं नाही असा जवान बैल म्हणजे खोंड. तो रुळेपर्यंत त्याला ओझं नाही, घाट नाही, पळवणं नाही. आई गाडीकडंही तशीच बघायची. गाडी आली की बॉनेटवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "तापलंय लेकरू. लिंबाखाली लाव, दम घेऊ दे त्याला." मी म्हणायचो, "आई, ती गाडी आहे." ती म्हणायची, "मग? तिला जीव न्हाई म्हनून दम बी न्हाई का?"

रोज संध्याकाळी आम्ही दोघं गाडी रुळवायला निघायचो. कधी टाकळीकडं, कधी पारनेरच्या वाटेनं. एकदा आण्णा, माझे वडील, दार उघडून मागं बसायला लागले, तर आईनं त्यांना उतरवलं.

"आत्ता ओझं न्हाई घालायचं."

"मी काय कांद्याची गोनी हाय का?" आण्णा चिडले.

"गोनी बरी. ती गप तरी बसती."

मी आईला स्पीडचा काटा दाखवून ठेवला होता. "हा सत्तरच्या पुढं गेला की मला सांगायचं. हजार होईपर्यंत ही तुझी ड्युटी." तिनं ती ड्युटी फार मनावर घेतली. डावीकडच्या सीटवर पदर खोचून बसायची, एक डोळा काट्यावर. जरा सत्तर ओलांडले की मनगट डॅशबोर्डवर दोनदा आपटायची — टक् टक् — आणि त्यामागून तिच्या काचेच्या हिरव्या बांगड्यांची बारीक किणकिण. "हळू, संतोष. अजून कोवळं हाय ते."

मी एकदा विचारलं, "रुळली की पहिलं कुठं जायचं?"

"माझ्या माहेराला. आत्ता न्हाई. मधी करंजीचा घाट हाय, कोवळ्या जनावराला घाट न्हाई दावायचा." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खोंड रुळला ना, की माझा बाप त्याचा निरोप न्हाई घ्यायचा. गोठ्याच्या मागून गपचिप निघून जायचा."

"का?"

"समोरून गेला तर ते दावं तोडून मागं पळत यायचं."

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. सकाळी चुलीपुढं बसल्या जागी आईच्या छातीत कळ आली. आण्णा आणि माझी बायको शीतल मागं बसले. आई त्याही अवस्थेत पुढच्या सीटवरच बसली, ऐकेना. मी नगरच्या दिशेनं गाडी अशी काढली की सत्तर काय, नव्वदच्याही पुढं काटा होता. आणि शेजारून — टक् टक्. मी म्हणालो, "आई, आज राहू दे." टक् टक्. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, पण मनगट आपलं काम करत होतं. भाळवणी मागं पडली. टक् टक्. नगर जवळ आलं, नेप्तीच्या अलीकडं ते थांबलं. मला वाटलं, तिला जरा झोप लागली. बरं वाटलं मला. खरंच सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं...

डॉक्टर म्हणाले, विमानानं आणलं असतं तरी उपयोग नव्हता.

आई सवाष्ण गेली. हिरव्या बांगड्या तिच्या हातातच होत्या, त्यांच्यासकटच तिला अग्नी दिला. हे मुद्दाम सांगतोय. त्या बांगड्या आता कुठंही नाहीत.

तेरावा झाल्यावर मी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली, कामावर जायला. एकटाच होतो. पारनेर सोडलं, रस्ता मोकळा होता, काटा सत्तरच्या पुढं सरकला.

टक् टक्. आणि मागून ती किणकिण.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी बाजूला घेतली. सीट रिकामी. डॅशबोर्डचा कप्पा उघडला, मॅन्युअल होतं, दुसरं काही नाही. मन भ्रमलंय असं स्वतःला सांगितलं. पुन्हा गाडी काढली. पासष्टला काही नाही. सत्तर ओलांडले — टक् टक्.

मी फिजिक्सवाला. मी घाबरून बसलो नाही, तपासलं. काचा बंद करून, एसी बंद करून, कप्पा रिकामा करून. तेच. सर्व्हिस सेंटरला गाडी नेली, मेकॅनिकनं सगळ्या क्लिपा बघितल्या, मला शेजारी बसवून स्वतः पंच्याहत्तरनं गाडी मारली. आवाज नाही. येताना मी एकटा, डावी सीट रिकामी... आणि आवाज.

मग शीतलला काही न सांगता सोबत नेलं. ती मागंच बसली, पुढच्या सीटवर बसायला तिचं मन होईना. सत्तर ओलांडले. टक् टक्, किणकिण. मी आरशात बघितलं. शीतल स्वतःच्या हाताकडं बघत होती. तिच्या हातात घड्याळ असतं, बांगड्या नसतात. घरी येताच तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आतून रडण्याचा आवाज आला.

आता खरं ते सांगतो. मला भीती वाटत नव्हती. मला ते हवं होतं. दिवसभर कंपनीत माल मोजताना मी घरी जायच्या रस्त्याची वाट बघायचो. फक्त दोनदा टक् टक् ऐकायला. आणि एक दिवस मीटरकडं लक्ष गेलं. हजार व्हायला थोडेच किलोमीटर उरले होते. आईची ड्युटी हजारापर्यंतच होती. मीच तिला तसं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी लिंबाखाली लावली आणि मोटारसायकलवर जायला लागलो. सर्व्हिस सेंटरचे फोन यायचे, पहिली सर्व्हिसिंग राहिली म्हणून. उचलायचो नाही.

शेवटी आण्णांनीच विचारलं, "गाडी का हालत न्हाई?"

"मोटारसायकल बरी पडते."

"थंडीत कुडकुडत जातो आन् बरी पडती व्हय? खरं सांग."

सांगितलं. वाटलं होतं, शिकून वाया गेलास म्हणतील. गाडीवर लिंबाचा पाला पडला होता, तो ते हातानं झाडत राहिले. मग म्हणाले, "उद्या पाथर्डीला जाऊ."

"आण्णा, हजार संपतील."

"संपू दे. तिला माहेराला न्यायचं हुतं का न्हाई तुला?"

निघालो. आण्णाही पुढं बसले नाहीत. "ती तिची जागा हाय," म्हणाले आणि मागं बसले. नगर ओलांडून पाथर्डी रोडला लागलो. मी सत्तर ओलांडले.

टक् टक्.

आण्णा पुढं वाकले. रिकाम्या सीटच्या पाठीवर हात ठेवून, घरात बोलायचे अगदी त्याच आवाजात म्हणाले, "आगं व्हय, ऐकतोय त्यो. हळूच चाललाय." मी स्पीड कमी केला. जरा वेळानं मागून आवाज आला, "पुन्यांदा कर."

केलं. टक् टक्. पुन्हा केलं. टक् टक्. आण्णा हसले, आणि हसता हसता पागोट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागले. "लई दिसांनी वरडली रे," म्हणाले.

करंजीचा घाट सावकाश उतरलो. खाली आल्यावर मीटरवर नऊशे नव्याण्णव होते. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"का थांबला?"

"हा शेवटचा आहे, आण्णा."

बाहेर तुरीच्या रानात वारा होता. आण्णा म्हणाले, "तुझा आजा कसा जायचा, सांगितलं हुतं ना तिनं?"

"हो."

"मग तिला गोठ्यामागं किती येळ हुबी करतो?"

मी गाडी काढली. हजाराचा आकडा पडला. सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी... मी डावा कान तिकडं लावून होतो. पंच्याऐंशी. काही नाही. फक्त इंजिन चालत होतं, आणि इतकं मऊ चालत होतं की रस्ता हातात येत होता. आण्णांचा हात अजून त्या सीटवरच होता. मी "आई" म्हणून हाक मारली. एकदाच. मग रस्ता दिसेनासा झाला, म्हणून पुन्हा थांबलो.

मामाच्या दारात गाडी लावली. आण्णांनी फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे. मामी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. लेक माहेरी आली की ओवाळून टाकतात तसा. सरळ डाव्या दरवाज्याशी गेली. दरवाजा उघडला, रिकाम्या सीटवरून तुकडा ओवाळला, बाजूला टाकला, पाणी ओतलं. "या वन्सं," म्हणाली.

असले प्रकार बंद करणारा मी. चप्पल काढून उभा राहिलो.

त्यानंतर आवाज कधीच आला नाही. प्लास्टिक नवं असताना कुठंतरी वाजत असेल आणि रुळल्यावर बसलं असेल, असं माझा एक इंजिनिअर मित्र म्हणतो. असेल. पण प्लास्टिकला सत्तर कळतात का? हजार कळतात का? शीतलला, आण्णांना, मला एकसारखी किणकिण कशी ऐकू आली? मला उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळालं तर मी ते ऐकून घेईन की नाही हेही माहीत नाही.

परवा सर्व्हिसिंगला गाडी दिली. मेकॅनिक म्हणाला, "सर, इंजिन एक नंबर रुळलंय." मी हो म्हणालो. त्याला काय सांगणार, की मला ती परत कोवळी हवी आहे.