हायम सिस्टर

हायम सिस्टर शनिवारी कधी कामावर आल्या नाहीत. चाकणच्या आमच्या कंपनीत प्रथमोपचाराची खोली त्यांच्याकडे होती. ओव्हरटाइमची कितीही घाई असो, शनिवारी त्या काळेवाडीतल्या घरी. गॅससुद्धा पेटवायच्या नाहीत. दिवाळीला मात्र आम्ही गावी गेलो की त्या एकट्या हजर.

एकदा प्रेसवरचा ज्ञानोबा, हा कुरुळीचा, बोटाला पट्टी बांधून घेताना म्हणाला, "सिस्टर, हायम हे गाव कुठं हाय?"

"गाव नाही, पूर्वजाचं नाव आहे. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. वाडवडलांचं गलबत अलिबागजवळ फुटलं, असं सांगतात. पुढे त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवार आमच्या धर्मात विसाव्याचा, तेव्हा घाणा बंद, म्हणून शनवार तेली. बाकीच्यांनी गावांची आडनावं लावली, आमच्या घराण्याने हे धरून ठेवलं. हिब्रूत हायम म्हणजे जीवन."

ज्ञानोबाने जरा विचार केला. "मग आमच्याच बोलीतलं की. जित्ता हाय, असंच म्हणतो आमी."

सिस्टर पट्टी बांधायच्या थांबल्या. "इतक्या वर्षांत हे मला सुचलं नाही," म्हणाल्या.

या आडनावाची घरं अलिबागेत एखाददुसरं, ठाण्यात थोडी, बाकी बहुतेक इस्रायलात. धाकटा भाऊही तिकडेच. तो बोलवायचा, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं: "तिथे हायम पुष्कळ आहेत. इथे मी एकटीच."

पुढे एका दुपारी ज्ञानोबाच मशीनपाशी कोसळला. श्वास थांबला होता. साठीला आलेल्या सिस्टर गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिल्या, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या, ते मराठी नव्हतं. तो वाचल्याचं कळल्यावर मी विचारलं. "आजीने पाठ करून घेतलेली प्रार्थना," त्या म्हणाल्या. "सगळा अर्थ मलाही येत नाही."

गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. त्यांच्यात दफन लांबवत नाहीत, आणि भाऊ तर परदेशात. कबरीपाशी प्रार्थनेला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष लागतात, एवढं सांगून तो फोनवर रडू लागला. मी पुण्यातल्या सिनेगॉगला कळवलं. माणसं येत गेली. अलिबागहून एक काठी टेकणारे आजोबा आले. त्यांनी सिस्टरांना कधी पाहिलंही नव्हतं. "नाव ऐकलं, निघालो. मीही हायम," एवढंच म्हणाले.

दहा पुरुष जमले आणि प्रार्थना झाली. मग आजोबा आमच्याकडे वळले. आम्ही कंपनीच्या गणवेशातच आलो होतो.

"तुम्ही तिचे कोण?"

"घरचेच," ज्ञानोबा म्हणाला.

आजोबांनी बाजूला सरून त्याला माती द्यायला जागा करून दिली.