‘ब्याड’ म्हणजे नको

माझ्या सासूबाईंना सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा मी इतकी दमलेली असायची की शाळेत हजेरी घेता घेता डोळा लागायचा. सकाळची शाळा, मग घरी स्वयंपाक, मग डबा घेऊन उन्हातून दवाखाना, संध्याकाळी परत चूल. आमचे हे गिरणीच्या ऑफिसात कारकून आणि धाकटे दीर कापडाच्या दुकानात. दोघांचाही आईवर जीव होता, पण तो दाखवायला त्यांना संध्याकाळच मिळायची. दीरांचं लग्न व्हायचं होतं. त्यामुळे दिवसभराचं जे काही असेल ते माझ्या वाट्याला.

सासूला आमच्याकडे अत्या म्हणतात. अत्यांना साखरेचा आजार होता. चपलेचा खिळा तळपायाला लागला, त्यावर त्यांनी हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. मला दिसलं तोवर बोटं काळी पडली होती. वॉर्ड भरलेला, म्हणून दोन खाटांच्या मधे जमिनीवर त्यांना गादी मिळाली होती. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. उलट पडायची भीती नाही म्हणून त्या खूश होत्या.

अत्यांचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं. एरवी त्या मराठी बोलायच्या, पण राग आला, दुखलं-खुपलं किंवा देवाशी काही बोलायचं असलं की तोंडात कन्नड यायची. मी कुर्डुवाडीची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. लग्नाआधी मला कन्नडचं ओ की ठो कळत नव्हतं. सासरी ऐकून ऐकून शिकले, आणि खरं सांगायचं तर आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय ते कळावं म्हणूनच शिकले.

एका दुपारी डबा घेऊन गेले तर अत्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. “तुमच्या आजींचं नशीब बघा. डॉक्टरांनी स्वतः सांगून बेड दिला त्यांना.”

मी अत्यांच्या खांद्याला हात लावला. त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या पाय कापनार हायेत माजा. मी नको म्हनलं, तर मला उचलून हितं टाकलं.”

मला काही उलगडेना. मी तशीच डॉक्टरांना गाठायला गेले. ते पुण्याकडचे होते, तरुण, बोलायला मऊ. त्यांना माझी घाईच कळेना. “सकाळी मी आजींना सगळं समजावून सांगितलंय,” ते म्हणाले. “पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल. त्यांनी काही विरोध केला नाही. फक्त बेड, बेड म्हणत राहिल्या. मी म्हटलं, आजी, बेड नक्की देतो.”

“बेड नाही हो. ब्याड,” मी म्हणाले. “कन्नडमध्ये ब्याड म्हणजे नको.”

मला हसू फुटलं, आणि ते थांबवताना रडूच यायला लागलं. बाई नको नको म्हणतेय आणि हे तिला उचलून मऊ गादीवर ठेवतायत! डॉक्टरांचे कान लाल झाले, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन. पण मग ते सावरले आणि म्हणाले, “तरी मुलांनी काल संध्याकाळी सही केलीय ना.”

“पाय मुलांचा नाही,” मी म्हणाले. एवढं तोडून मी कधी कुणाशी बोलत नसे. दमलेल्या माणसाला भीड उरत नाही. ते म्हणाले, संध्याकाळी मुलं आली की पुन्हा बोलू.

संध्याकाळी आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. डॉक्टर एकेक वाक्य सांगत होते आणि मी ते कन्नडमध्ये सांगत होते. अत्यांना मराठी कळत नव्हतं असं नाही, पण त्यांनीच तसं मागितलं होतं. एवढी मोठी गोष्ट त्यांना स्वतःच्या भाषेत ऐकायची होती. कापल्यावर किती जगेन, असं त्यांनी विचारलं. ते सांगता येणार नाही, पण नाही कापला तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही याचं मला बरं वाटलं.

“आई, हो म्हण,” हे म्हणाले.

अत्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “संडासला कोन न्हेनार मला?”

आमचा संडास अंगणाच्या टोकाला, वर तीन पायऱ्या. हे चटकन म्हणाले, “ही आहे की.”

“तिला इचारलंस का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवरा, दीर, डॉक्टर, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा. मी म्हणाले, “करीन की, त्यात काय!” दुसरं काय म्हणणार होते मी?

अत्यांनी मान हलवली. “तुमी सगळे भाईर जावा,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनाही सोडलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी मला खाटेवर बसवलं. “चार मानसांत इचारल्यावर कोन न्हाई म्हनंल? आता सांग.”

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच. “मला एकटीला नाही जमणार, अत्या. मी फार दमलेय.” बोलले आणि माझं मलाच भय वाटलं. या बाईचा जीव आता माझ्या एका शब्दापायी जाणार, असं वाटून मी पदरात तोंड घालून रडले. त्यांनी मला रडू दिलं.

मग मुलांना हाक मारली. “सकाळचं थोरल्यानं न्यायचं, सांजच्याला धाकट्यानं. ही न्हेनार न्हाई. जमत नसंल तर आत्ताच सांगा, ऱ्हाऊ दे पाय हाय तसा.” ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांच्या आईचे कान भरले होते. पण दोघंही हो म्हणाले. मग अत्या डॉक्टरांकडे वळल्या. “काप बाबा,” त्या म्हणाल्या.

पाय गेला आणि अत्या वाचल्या. सुरुवातीला ह्यांनी अगदी नेमाने त्यांना उचललं. सकाळी आईला दोन्ही हातांवर घेऊन अंगणातून जाताना ते मला आवडायचेसुद्धा. मग गिरणीत कामाची वेळ बदलली. दिवाळीच्या तोंडावर दीरांना दुकानातून यायला उशीर व्हायला लागला. एखादा दिवस राहिला, मग दोन. दोघं वाईट नव्हते. वाईट असते तर मला भांडता तरी आलं असतं. मी पदर खोचला आणि अत्यांना न्यायला लागले. कंबर धरायची, पण कुणाला सांगायची सोय नव्हती. मग अत्यांच्या हाका हळूहळू कमी झाल्या. मला वाटलं, म्हातारीचं खाणंपिणंच कमी झालं असेल.

एका सकाळी नळाला पाणी आलं म्हणून लवकर उठले, तर अत्या अंगणात. खाली पोतं घेतलेलं, दोन्ही तळहात फरशीवर टेकायचे आणि अंग पुढे ओढायचं, असं करत त्या निम्म्यावर आल्या होत्या. हाताची कातडी सोलली होती. एका दिवसात ती तशी सोलली जात नाही. मी घागर टाकून धावले आणि त्यांच्या काखेत हात घातले.

“हाक का नाही मारलीत मला?” मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी माझे हात काढून बाजूला केले. “तू जमनार न्हाई म्हनाली हुतीस,” त्या म्हणाल्या. “पोरांनी व्हय म्हनल्यालं, ती इसरली. मी तुजं ऐकल्यालं हाय की.”

आणि त्या पायऱ्यांकडे सरकायला लागल्या.